दहावा अंगठा

चिंचखडक, ता. शिरूर
३ सप्टेंबर २०२५

आत्या, पाया पडते.

पत्र बघून तुम्ही हसाल. रुपालीताई म्हणेल, सरपंचबाईंना फोन परवडेना का काय! फोन आहे आत्या, चांगला मोठा आहे, पण तो आमच्या ह्यांच्या खिशात असतो. सरपंचांना फोन लावला की हेच उचलतात आणि सांगतात, "बोला, सरपंच बोलतोय." अडीच वर्षं मी हे ऐकतेय. मीटिंगला शिरूरला गेले की पोस्टात जाता येतं, म्हणून पत्र.

रुपालीताईकडं राहायला जायच्या आधी तुम्ही ह्याच गावात, ह्याच खुर्चीवर बसला होता. गावच्या पहिल्या बाई सरपंच. त्यामुळं हे दुसऱ्या कुणाला विचारू शकत नाही.

मोठ्या ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यायची, असा नियम आहे. आमची १४ ऑगस्टला झाली. मी धरून बारा जणी होतो, मी दोनदा मोजलं. पुढच्या आठवड्यात भाऊसाहेबांनी, म्हणजे आमच्या ग्रामसेवकांनी, हजेरीचं रजिस्टर सहीला पुढं केलं तर आत चौऱ्याहत्तर जणी! म्हटलं, राहू द्या इथंच, वाचून सही करते. त्यांना ते काही आवडलं नाही. सरपंचांनी वाचायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसावं.

२८ तारखेला भर दुपारी बारा वाजता मी हॉलमध्ये एकटीच बसले. शिपाई भिमाजी जेवायला गेला होता. एकेक नाव मोठ्यानं वाचत पुढं खुणा करत होते. नऊ नावं मेलेल्या बायकांची निघाली. त्यात उपसरपंच बबनरावांच्या आई, शेवंताबाई. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मौतीला मी स्वतः गेले होते. मला रागानं हसूच आलं. मुद्दाम जोरात पुकारलं, "शेवंताबाई किसन ताम्हाणे!"

आणि सतरंजीच्या मधोमध कुणीतरी म्हणालं, "हाय."

आत्या, मी भित्री नाही. लहानपणी आबांच्या मेंढवाड्यावर मी एकटी निजलेली पोरगी आहे. पण हॉलमध्ये कुणी नव्हतं. मिसरीचा वास आला, शेवंताबाई लावायच्या तसल्या भाजक्या मिसरीचा. मला उठता येईना, आणि उठता येईना म्हणून मी वाचतच राहिले. सगळ्यात शेवटचं नाव होतं अनसाबाई हरिबा शेंडगे, म्हणजे तुमचं. पुढं अंगठा, त्यावर आडवा चिरा. तेही मी पुकारलं, आणि दारापाशी "हाय" झालं. तो आवाज तुमचा होता.

तुम्ही त्या दिवशी गावात आला होता का? आला असाल तर मला न भेटता गेला कशा?

तुमची,
हर्षदा

*

खुटबाव, ता. दौंड
१२ सप्टेंबर २०२५

हर्षे,

अगं बये, मी मेले का जित्ती हाय ते बघाया पत्र धाडलंस व्हय? जित्ती हाय. गुडघे तेवढे गेल्यात. मी सांगतीया आन् रुपाली लिहितीया, तवा चुकलं-माकलं तिच्या पदरात टाक.

मी कुठली येतीया त्या गावाला! हितनं तिथं तीन गाड्या बदलाया लागत्यात. आन् बोलवलंय कुणी? मतदार यादीत माझं नाव आजून तिथंच हाय, कारण मी मुद्दाम हलवलं न्हाई. काढायचं तर त्यांनी काढावं आन् मला तसं लिहून द्यावं.

हाय का न्हाई त्याची गंमत सांगते. मी सरपंच झाले तवा बायका सभंला आल्या तरी मुक्याच. मास्तर हजेरी घ्यायचा आन् सांगायचा, हजर म्हणा. बायकांना वाटायचं, हे शाळंतलं बोलणं आपल्या तोंडी शोभत न्हाई. सगळ्या पदरात तोंड घालून बसायच्या. मी म्हणलं, गोठ्यातनं सासू हाक मारती तवा काय म्हणता? "हाय" म्हणता ना? मग हितं बी तेच म्हणा. पहिल्यांदा शेवंतानं म्हणलं. तिच्या मागनं समद्या खिदळल्या आन् म्हणल्या. तवापासनं त्या गावात बायकांची हजेरी "हाय"नंच व्हायची. आता पोरींना ठावं बी नसंल.

बाकी तू उपाशी पोटी उन्हाचं बसलीस आन् कान वाजलं. रिकाम्या जागंत भर दुपारी माणसांची नावं घ्यू नयेत, एवढं बी कळत न्हाई व्हय गं? बारावी शिकलीस ना? नऊ नावांची चौकशी कर, माझ्या नावाची करू नगंस.

आत्या
(अंगठा)

हर्षदा, हे खालचं माझं, रुपालीचं. आईला वाचून दाखवणार नाही. वर्षं झाली, आई बसल्या बसल्या मधेच "हाय" म्हणते. कुणी हाक मारलेली नसते. आम्ही म्हातारपण म्हणून सोडून दिलं होतं. तुझं पत्र आलं आणि मी कॅलेंडर काढलं. २८ ऑगस्टला दुपारी आई अंगणात मेथी निवडत होती. मान वर केली आणि "हाय" म्हणाली. मी म्हटलं, कुणाला गं? तर म्हणाली, "हर्षी पुकारतीया."

तेव्हा तुझं पत्र तू लिहिलंसुद्धा नव्हतंस.

*

चिंचखडक
२२ सप्टेंबर २०२५

आत्या, पाया पडते.

तुम्ही सांगितलंत तशी नऊ नावांची चौकशी केली. भिमाजीला समोर बसवलं, चहा पाजला आणि रजिस्टर उघडलं. आधी "मला काय म्हाईत वैनी" चाललं होतं. मी म्हटलं, भिमाजीभाऊ, हात दाखवा. त्यानं हात पुढं केले आणि माझ्याआधी तोच रडायला लागला. बोटं निळी पडलीत, आत्या. रॉकेल झालं, लिंबू झालं, शाई उतरेना. पोरगी त्याच्या हातचा घास खात नाही म्हणे.

इथली रीतच तशी आहे. सही आधी, सभा मागून. दोन दिवस आधी भिमाजी शाईचा पॅड घेऊन घरोघर फिरतो आणि बायका भाकरी थापता थापता अंगठा देतात. मेलेल्यांचे अंगठे तो स्वतःच्या बोटांनी उमटवतो. एक बोट, एक बाई. ते आकडे भरायला लागतात, नाहीतर सभा तहकूब होते आणि बबनराव त्याला दारात उभं करत नाहीत.

मी विचारलं, मग अनसाआत्याचा अंगठा कुठल्या बोटाचा? त्यानं डावा हात उलटा करून दाखवला. करंगळी नाही. कडबाकुट्टीत गेलेली. म्हणाला, "वैनी, मला बोटंच नऊ हायत. बायका बी नऊच. मी नऊच उमटवतो. दहावा दर खेपंला सकाळी आपसूक आलेला असतो. मी इतकी वर्षं त्याच्याकडं बघत न्हाई."

आता खरी गोष्ट. १० ऑक्टोबरला विशेष ग्रामसभा लावली आहे. गायरानाची चाळीस एकर एका कंपनीला द्यायची, असा ठराव आहे. कागदावर गोडाऊन लिहिलंय. बबनरावांचा पुतण्या बोलता बोलता म्हणाला की निळी पिंपं ठेवणार. पिंपात काय, ते त्यालाही ठाऊक नाही. त्या माळावर अजून अकरा घरांची मेंढरं चरतात आणि खालच्या अंगाला गावाची विहीर आहे. महिला सभेची मंजुरी रजिस्टरात आधीच लिहून ठेवली आहे, "सर्वानुमते". त्यात शेवंताबाईपण आल्या आणि तुम्हीपण आलात. फक्त माझी सही राहिली आहे.

आमच्या ह्यांना कंपनीत दोन टेम्पो लावायचा शब्द मिळालाय. रोज जेवताना विषय निघतो. "लोकांनी ठरवलं तर तू कोण अडवणारी?" म्हणतात. लोकांनी ठरवलं असतं तर मी गप सही केली असती. पण कुठले लोक?

राजीनामा देऊन मोकळी होऊ का? खरं सांगा. मला आता हॉलमध्ये एकटीनं पाऊल टाकवत नाही.

हर्षदा

*

खुटबाव
१ ऑक्टोबर २०२५

हर्षे,

राजीनामा म्हणलीस म्हणून आज सांगते. ही गोष्ट मी माझ्या नवऱ्याला बी धड सांगितली न्हवती.

मी राजीनामा दिला असं गाव म्हणतं. मी दिला न्हाई. मला ताप होता, सात दिस डोळं उघडलं न्हवतं. आठव्या दिशी उठले तर अंगठा निळा. झोपंत, तापात, कुणीतरी माझा हात धरला आन् कागदावर दाबला. त्या अंगठ्यानं मी सरपंचकी सोडली, शाळंसाठी ठेवलेली जागा दुसऱ्याला दिली, वर "माझी कुणाविरुद्ध तक्रार न्हाई" असं बी लिहून दिलं. मी वरडले तर म्हणले, बाई, अंगठा तुझाच हाय की!

तवा मी चुलीपुढं बसले, विळा घेतला आन् अंगठ्याला आडवा चिरा दिला. हाडापतुर. म्हणलं, आता ह्यो नवा अंगठा. जुना त्यांच्यापाशी ऱ्हाऊ दे. ह्याच्याफुडं जे काय उमटंल ते माझ्या मनानं उमटंल.

माझ्या नावाची चौकशी करू नगंस म्हणलं होतं, ते खोटं बोलले मी. मला ऐकू येतं. रजिस्टरात नाव चढलं की पुकारा होतो, आन् पुकारा झाला की जावं लागतं. मेलेल्यास्नी तर बसायला बी मिळत न्हाई गं, दर सभंला उठवून आणत्यात. शेवंता बिचारी कितींदा आली आसंल! तू त्यांना भिऊ नगंस. त्या तुझ्याकडं आल्याच न्हाईत, त्यांना बलवून आणलंय.

आता ऐक. सभंच्या दिशी हात वर करा म्हणू नगंस. गर्दीत कुणाचा बी हात कुणाच्या बी नावावर जातो. रजिस्टर घे आन् त्यांनी भरलेलं एकेक नाव पुकार. ज्यानं त्यानं आधी "हाय" म्हणायचं, मंग ठरावाला "व्हय" का "न्हाई" ते सांगायचं. मेलेल्यांची नावं बी पुकार. गाळू नगंस. त्यांनीच हजर लिहिल्यात ना? मंग त्यांनीच सांगू दे, कुठं हायत त्या.

माझं नाव समद्यात शेवटी घे. मी येते.

आत्या
(अंगठा)

*

चिंचखडक
११ ऑक्टोबर २०२५

आत्या, पाया पडते, आणि भांडतेसुद्धा!

आलात, बोललात, आणि चहा न घेता गेलात? मी वाकून रजिस्टर मिटतेय तोवर दार रिकामं. भिमाजीला रस्त्यावर पळवलं, तो म्हणाला, कुणीच दिसलं नाही. गुडघे गेलेत म्हणता आणि एवढ्या झपाट्यानं कशा गेलात हो?

तुम्ही दारापाशी होता, तुम्हाला सगळं दिसलंच असेल. पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

हॉल गच्च होता. बबनराव म्हणाले, चला, हात वर करा, उन्हं व्हायच्या आत उरकू. मी म्हटलं, नावानं पुकारणार. एकदम गलका उठला. आमच्या ह्यांनी मान खाली घातली. मी सुरुवात केली. पहिल्या दहा-बारा जणी लाजल्या, मग एक म्हातारी मोठ्यांदा "हाय!" म्हणाली आणि मागून हसू फुटलं. पुढं सगळ्या धडाधड बोलायला लागल्या. नवऱ्यानं व्हय म्हटलं आणि बायकोनं न्हाई म्हटलं, असंही झालं. ह्यांचं नाव मी बोटानं दाखवलं आणि भाऊसाहेबांनी पुकारलं. हे "व्हय" म्हणाले. म्हणू दे. मत त्यांचं आहे.

मग मेलेल्यांच्यातलं पहिलं नाव आलं. "शेवंताबाई किसन ताम्हाणे." मिसरीचा वास आला, आणि ह्या वेळी तो एकट्या मला आला नाही. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर नाकाला लावले. मी परत पुकारलं. बबनराव खुर्चीत सरकले. मी म्हटलं, बबनआप्पा, तुमच्या आई हजर आहेत असं तुम्ही लिहिलंय. ठरावाला व्हय म्हणतात का न्हाई? तिसऱ्यांदा पुकारलं तसे ते उठले आणि आपल्या शेजारच्या मोकळ्या जागेकडं बघून ओरडले, "न्हाई! न्हाई! आई न्हाई!"

भाऊसाहेब गोंधळले. म्हणाले, "न्हाई म्हणजे मत, का गैरहजर?"

बबनराव खाली बसले आणि म्हणाले, "मेलीय ती. दोन वर्षं झाली. लिहा मयत." आणि लहान मुलासारखे रडले. मला वाईट वाटलं आत्या, खोटं कशाला सांगू. पण पेन मी थांबवला नाही. बाकीची आठ नावं त्यांच्या त्यांच्या पोरा-सुनांनी सांगितली आणि नऊच्या नऊ नावांपुढं मी स्वतः मयत लिहिलं. वास हळूहळू गेला. भिमाजी आपल्या हातांकडं बघत होता.

मोजणी झाली तर बहात्तर व्हय, बहात्तर न्हाई. एकच नाव राहिलं होतं. "अनसाबाई हरिबा शेंडगे!"

"हाय," तुम्ही म्हणालात. हिरवं लुगडं, हात चौकटीला टेकवलेला. सगळा हॉल वळला. "ठरावाला?" आणि तुम्ही म्हणालात, "न्हाई."

एका मतानं ठराव पडला. गायरान वाचलं ते तुमच्यामुळं. मी खुर्चीवर होते म्हणून मत दिलं नाही, आणि मला द्यावंही लागलं नाही. घरात तेवढीच शांतता राहिली. दिवाळीला मी तुमच्याकडं येते, आणि चहाचा हिशोब तिथं करू.

हर्षदा

*

खुटबाव
१६ ऑक्टोबर २०२५

हर्षदा,

तुझं पत्र काल आलं. मी चुलीपुढं बसून चार वेळा वाचलं. कसं लिहू कळत नाही, म्हणून सरळ लिहिते.

आई गेली. आठ तारखेला सकाळी. गेल्या पत्राच्या वेळीच तिला ताप होता, उठवतही नव्हतं, पण मला काही लिहू दिलं नाही. "हर्षीला कळलं तर ती हिकडं पळत यील आन् खुर्चीवर दुसरा बसंल," म्हणाली. तू सभा घेत होतीस त्या दिवशी तिसरा होता. आम्ही नदीवर राख सावडत होतो.

आठ तारखेला मी तुझ्या फोनवर तीनदा बोलले. भावजींनी उचलला. सांगतो म्हणाले. तू आली नाहीस तेव्हा मी तुझ्यावर फार चिडले. तुला कुणी सांगितलंच नाही, हे मला पत्रावरून कळलं.

अजून एक. आईला आंघोळ घालताना उजवा अंगठा निळा होता. दोन वेळा साबण लावला. गेला नाही. तसाच गेला तिच्याबरोबर. हिरवं लुगडं तेच, जे तिला नेसवलं होतं.

मला भीती वाटत नाही हर्षदा, आईची कशी वाटेल? पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. नऊ मेलेल्या बायका तू खोडल्यास आणि दहावी मोजलीस. तुला ठाऊक नव्हतं, त्यात तुझा दोष नाही. भावजी सोडले तर तुमच्या गावात कुणाला तारीख माहीत नाही. मी कुणाला सांगणार नाही, आणि गायरान वाचलंय. पुढचं तुझं तू बघ.

रुपाली

*

चिंचखडक
३० ऑक्टोबर २०२५

रुपालीताई,

तुमचं पत्र वाचून मी मेंढवाड्यात जाऊन रडले, घरात रडता येत नव्हतं म्हणून. आत्याचं शेवटचं तोंड मला दिसलं नाही. की दिसलं, हेच मला कळत नाही.

संध्याकाळी ह्यांच्यापुढं पत्र टाकलं. मला वाटलं, कबूल करणार नाहीत. मग म्हणाले, "तू खुटबावला गेली असतीस तर खुर्चीवर बबनराव बसले असते. कंपनीला शब्द दिलता म्हणून मी व्हय म्हणलो. पण खुर्ची तुझी हाय, म्हणून दारात आत्यास्नी बघून बी तोंड उघडलं न्हाई." मी म्हटलं, माझी आत्या होती ती. मला सांगायचं का नाही, हे तुम्ही ठरवायचं? मी अजून माफ केलेलं नाही, ताई. पण त्या माणसाला मी पूर्ण ओळखत नाही, एवढं कळलं.

भाऊसाहेब म्हणाले, मॅडम, ठराव पडलाय, आता उकरू नका, कुणी विचारत नाही. मीही एक रात्र तसंच ठरवलं होतं. गायरानावर मेंढरं आहेत, विहीर आहे, मत तर आत्याच्याच मनाचं होतं. सकाळी रजिस्टर उघडलं. तिच्या नावापुढं चिऱ्याचा अंगठा होता. मला बबनराव आठवले. त्यांनाही आईचं नाव कामाचंच वाटलं असणार. मग मी पेन घेतला. ताई, मयत ही तीन अक्षरं लिहायला मला अर्धा तास लागला.

लिहून झाल्यावर बारा वाजता एकटीच हॉलमध्ये बसले आणि सगळी दहा नावं पुकारली. कुणी बोललं नाही. आत्यासुद्धा नाही. दाराकडं किती वेळ बघत बसले, तुम्हाला काय सांगू.

२७ तारखेला सभा परत बोलावली. सांगितलं की अनसाबाई आठ तारखेला वारल्या, दहाचं मत धरता येत नाही. हॉलमध्ये कुजबुज झाली. सगळ्यांनी तिला पाहिलं होतं. दोन बायकांनी तिथल्या तिथं हात जोडले. बबनराव उठले. त्यांचा आवाज पहिल्यासारखा नव्हता, पण बोलले ते बरोबर बोलले. "मग सरपंच, बहात्तर बहात्तर. आता?"

समान मतं झाली की अध्यक्षाचं मत लागतं. हे मला दहा तारखेलाही ठाऊक होतं, ताई. शेवटचं नाव उरलं होतं म्हणून मी सुटले होते. आत्याच्या पदराआड लपले होते. आता पदर नव्हता.

मी रजिस्टर बघितलं. त्यात माझं नावच नव्हतं. अडीच वर्षांत सरपंचाचं नाव कुणी पुकारलं नव्हतं. मी उभी राहिले. नवऱ्याचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर कधीच नाही. समोर सासू बसली होती, हे बसले होते. मी पुकारलं, "हर्षदा हनुमंत कोकरे!"

बायका फिसकन हसल्या.

"हाय," मी म्हटलं.

"ठरावाला?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"न्हाई."

त्यांनी लिहिलं. पुढं मी सही केली, आणि तिच्याखाली अंगठाही उमटवला. गरज नव्हती. मला वाटलं म्हणून.

तेवढ्यात ह्यांच्या खिशात फोन वाजला. ह्यांनी काढून बघितला, सवयीनं कानाकडं नेला आणि थांबले. मग रांगा ओलांडत पुढं आले, फोन माझ्यापुढं धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सरपंचांचा फोन हाय."

कंपनीचाच माणूस होता. मी फोन कानाला लावला आणि म्हटलं, "बोला, सरपंच बोलतेय."

नंबर तोच आहे, ताई. आता फोन करत जा. उचलायला मी हाय.

हर्षदा